विकण्याआधी कपाटाची पाठ बघा

दिवाळीची झाडलोट निघाली की माळवदाखालच्या अंधाऱ्या खोलीतून ते बाहेर येते. कमरेएवढे उंच, लांबट, वर जाड फळी, त्याखाली दोन-तीन ड्रॉवर, खाली दोन कवाडे. घरात कुणी त्याला बुटकं कपाट म्हणतं, कुणी साहेबी टेबल. शहरात त्याचे नाव साइडबोर्ड. जेवणाच्या खोलीत ताटे-बशा ठेवायला केलेली ही वस्तू. आपल्याकडे तिच्यात दस्तऐवज, लोणच्याच्या बरण्या आणि पोरांची जुनी पुस्तके. कुठे कारखान्याचे नाव नाही, शिक्का नाही. अशा वेळी जुन्या लाकडाचा व्यापारी टेम्पो घेऊन दारात येतो. "काय करायचं ठेवून? वाळवी लागायची," म्हणत जळणाच्या भावात मागतो.

शेतकरी बंधूंनो, हो म्हणण्याआधी एक तास काढा. कपाट भिंतीपासून ओढा आणि ड्रॉवर काढून पालथा घाला. पॉलिश मारलेला दर्शनी भाग फसवतो. खरे काय ते पाठ आणि पोट सांगते.

आधी लाकूड. न दिसणाऱ्या कोपऱ्यात नखाएवढी जागा खरवडा. साग असेल तर आत सोनेरी रंग आणि तेलकट, चामड्यासारखा वास. शिसवी असेल तर जांभळट-काळपट रेघा, आणि वजन असे की दोन गडी कमी पडावेत. पण नुसत्या लाकडावरून गाव ठरत नाही. साग किनवट-माहूरच्या रानातला असेल, आदिलाबादचा असेल, नाहीतर मुंबईला जहाजाने उतरलेला ब्रह्मदेशी.

मग हात फिरवा. हातरंध्याने तासलेली फळी हलक्या लाटांसारखी लागते. करवतीच्या खुणा सरळ पण कमीजास्त अंतरावर असतील तर हाताची करवत. चापासारख्या गोल असतील तर गिरणीतली. ड्रॉवरच्या कोपऱ्यात पारव्याच्या शेपटीसारखे सांधे दिसतील. ते लहानमोठे असले तर सुताराने हाताने कापलेले, एकसारखे असले तर बहुधा मशीनचे. स्क्रूच्या डोक्यावर एकच आडवी खाच आहे की फुली, तेही बघा. फुलीचा स्क्रू १९३०च्या दशकात अमेरिकेत निघाला, आपल्याकडे त्याहून पुष्कळ उशिरा आला. पाठीला प्लायवूड दिसले तर शंभर वर्षांच्या गप्पा बंद; मात्र ते मागाहून ठोकलेले नाही ना, एवढी खात्री करा.

धाटणीवरून काळाचा अंदाज येतो. कातीव गोल पाय, वेलबुट्टी, वर संगमरवर किंवा आरसा, ही राणीच्या राज्यातली चाल. एकोणिसाव्या शतकात मुंबईचे भरगच्च कोरलेले शिसवी फर्निचर नावाजलेले होते. कोरीवकाम अजिबात नाही, कोपरे गोलसर, कडेला पायऱ्या-पायऱ्या, असे असेल तर १९३० ते ५०च्या सुमाराचा 'आर्ट डेको' घाट. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरच्या ज्या इमारती २०१८ साली युनेस्कोच्या यादीत गेल्या, त्यांचाच हा भाऊबंद. तिरके निमुळते पाय आणि सरकत्या काचा असतील तर वस्तू १९५०-६०नंतरची धरा. पण आपले सुतारही कमी नव्हते. एका वाड्यातले बघून दुसऱ्या वाड्याला तसेच करून देत. म्हणून घाट सांगतो तो फक्त 'याच्या आधीचे नाही' एवढेच.

खरा पुरावा बहुतेक वेळा कागदाचा असतो. ड्रॉवरच्या तळाशी अंथरलेले वर्तमानपत्र, पाठीला चिकटलेली चिठ्ठी, फळीवर शिसपेन्सिलने टाकलेला आकडा. मजकूर उर्दूत असेल तर घाबरू नका, गावातल्या जुन्या जाणत्याला किंवा मौलवीसाहेबांना दाखवा. साल फसली असेल तर त्यात ५९० मिळवा. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८, निजामी राजवटीचे शेवटचे वर्ष. बहमन, खुर्दाद, तीर ही महिन्यांची नावे तलाठी मंडळींना जुन्या दप्तरातून ओळखीची आहेत. किमतीपुढे 'हाली' असेल तर खरेदी निजामाच्या मुलखातली. 'कलदार' असेल तर इंग्रजी अमलाकडे बोट जाते.

रेल्वेही विसरू नका. बार्शी लाइटची छोटी गाडी १९११ साली लातूरला आली. तिचा माल कुर्डुवाडीला मोठ्या गाडीतून उतरवून भरावा लागे. त्यामुळे लातूर-औशाच्या वाड्यात मुंबई-सोलापूरकडची वस्तू सापडणे नवल नाही. उदगीर पडते विकाराबाद-परळी मार्गावर, आणि नांदेडची गाडी थेट सिकंदराबादला. तिकडच्या कपाटाबाबत आधी हैदराबादचा विचार करावा, असे माझे मत. आजोबा कुठे नोकरीला होते, आजी कुठल्या गावची, लग्नात काय आले, हेही म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी भागात दगडमातीच्या भिंती कोसळल्या. कितीतरी ठिकाणी सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा तेवढा उभा राहिला. त्यानंतर लोकांना माळवदाची धास्तीच बसली. वाडे मोडले तसे आतले सामानही गेले. उरले आहे त्याची निदान ओळख पटवून मग काय ते ठरवा.

१९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही आणि अशा मालाच्या व्यापाऱ्याला परवाना लागतो. तो मागायला संकोच नको. उलट बाजूही आहे: जुन्या दाराच्या फळ्या जोडून नवे कपाट 'पुरातन' म्हणून खपवणारेही असतात. विकायचे नसेल तर ऑइलपेंट फासू नका, पाण्याने धुऊ नका. जुने पॉलिश चपडीचे असते. आतल्या बाजूला स्पिरिटचा बोळा लावला की ते चिकट होऊन बोळ्याला येते.

सरपंच, ग्रामसेवकांनी चावडीतली आणि शाळेतली जुनी कपाटे एकदा तपासावीत. डेड स्टॉक रजिस्टरला नोंद आहे का बघावे. निर्लेखनाची रीतसर मंजुरी झाल्याशिवाय काहीही टेम्पोत चढू देऊ नये. घरच्या कपाटाचे पाठीमागून, ड्रॉवरच्या आतून आणि चिठ्ठीचे जवळून फोटो काढून ठेवा. व्यापारी "मागचा तो कागद कशाला, फाडून टाका" म्हणाला, तर त्या दिवशी सौदा करू नका.