तांडा का थांबला, तांडा का निघतो

दिवाळी झाली की यवतमाळच्या पुसद, दिग्रस, महागाव भागातल्या बंजारा तांड्यांतून कुटुंबे ऊसतोडीला निघतात, आणि 'फिरणं त्यांच्या रक्तातच आहे' असे सहज बोलले जाते. बंजारा समाजाबद्दलचा हा समज इतिहासाला धरून नाही. तांडे फिरत होते ते स्वभावाने नव्हे, धंद्यापायी. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून दूरदेशी पोचवायचे, ही लदेणी. मोगल फौजांना रसद पुरवणारे हेच लोक, आणि 1803 च्या इंग्रज-मराठा युद्धात इंग्रज सेनापती वेलस्लीच्या सैन्याला धान्य पुरवणारेही हेच. वाट तांड्याचा नायक ठरवी, पावसाळ्यात मुक्काम पडे. याला भटकंती म्हणणे म्हणजे देशाच्या एका मोठ्या वाहतूक व्यवस्थेचे श्रेय नाकारणे आहे.

ती व्यवस्था मोडली एकोणिसाव्या शतकात. 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि 1867 पर्यंत मुंबईची आगगाडी नागपूरला पोचली. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापसाला भाव आला, गायराने नांगराखाली गेली, पुढे जंगलेही राखीव झाली. यवतमाळच्या आतल्या भागात रेल्वे फार उशिरा आली, मग तिथली लदेणी का टिकली नाही, असे कुणी विचारेल. जवळपासची ने-आण काही काळ चाललीही असेल, पण खरी कमाई लांब पल्ल्याची होती, समुद्रकाठचे मीठ आतल्या मुलखात पोचवण्याची. ती गेल्यावर शेकडो बैल पोसणार कशावर? तांडा थांबला, शेतीकडे वळला, आणि 'तांडा' हा शब्द वस्तीचे नाव बनला. त्याच सुमारास, 1871 मध्ये, उत्तर भारतात गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि फिरत्या जमातींवर संशयाचा शिक्का बसला. पुढे देशभर पसरलेला तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला. 'रक्तातच आहे' ही भाषा मात्र त्याच कायद्याच्या विचाराची आहे, म्हणून ती निरुपद्रवी मानता येत नाही.

स्थलांतराचे कारण माणसाच्या स्वभावात किंवा एखाद्याच आपत्तीत शोधण्याची खोड जगभर दिसते. लेबनॉन-सीरियातून अमेरिका खंडात गेलेल्यांना उस्मानी कागदपत्रांमुळे दक्षिण अमेरिकेत 'तुर्को' म्हणत, आणि ते छळाला, दुष्काळाला कंटाळून पळाले असे सांगितले जाते. छळाची भीती आणि लष्करी भरतीची धास्ती होतीच. पण मोठी लाट 1915 च्या दुष्काळाच्या कितीतरी आधीची आहे. लेबनॉनच्या डोंगरातली घरे रेशमाच्या कोशांवर चालत, आणि चीन-जपानच्या रेशमापुढे त्यांचा भाव टिकेना. अनेक जण पैसे कमावून गावी परतलेसुद्धा.

आता सर्वांत सबळ आक्षेप. याच मातीत, याच समाजात गहुलीचे वसंतराव नाईक जन्मले आणि 1963 ते 1975 राज्याचे मुख्यमंत्री होते, मग तांडे अजून का निघतात? सत्तेत एक घर पोचल्याने प्रत्येक शेतात पाणी पोचत नाही. उशिरा स्थिरावलेल्यांच्या वाट्याला बहुधा डोंगरउताराची बरड जमीन आली. खरीप निघाला की तिथे काम उरत नाही, आणि ऊसतोडीच्या मुकादमाने दिलेली आगाऊ उचल घर चालवते. नवरा-बायको मिळून एक कोयता, सोबत शाळा सुटलेली लेकरे. हंगाम संपला की तीच कुटुंबे तांड्यावर परततात, आणि मृगाचा पाऊस पडला की त्याच बरडात कापूस आणि तूर पेरतात.