एक ताई, चार शाया आणि सोळा पानं

वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीच्या मुलांना संत्र्याचा रंग मी काय शिकवणार! आंबिया बहार कोणता, मृग बहार कोणता, हिरवं फळ पिवळं कधी पडतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. तरी एक पैज लावू या. घरातलं नाहीतर शाळेतलं एखादं रंगीत पुस्तक घ्या, त्यात संत्र्याचं चित्र शोधा आणि त्यावर भिंग धरा. मी म्हणतो, त्या संत्र्यात नारिंगी शाईचा एक थेंबही तुम्हाला सापडणार नाही.

काय दिसलं? पिवळं आणि त्यावर बारीक बारीक गुलाबी ठिपके, बरोबर ना? छापखान्यात साधारणपणे चारच शाया असतात. निळसर, किरमिजी गुलाबी, पिवळी आणि काळी. प्रत्येक शाईसाठी वेगळी प्लेट बनते आणि कागद एकामागून एक चारही शायांखालून जातो. चांगल्या छपाईत एका इंचाच्या ओळीत साधारण दीडशे ठिपके बसतात. एवढे बारीक ठिपके आपल्या डोळ्याला सुटे दिसत नाहीत, मग तो त्यांचा मिळून एकच रंग करून टाकतो. पिवळी शाई उजेडातला निळा भाग गिळते, गुलाबी शाई हिरवा भाग गिळते. पिवळी भरपूर आणि गुलाबी निम्मीशीच ठेवली, की थोडा हिरवा उजेड सुटून लाल उजेडाच्या जोडीला परत येतो, आणि आपण म्हणतो, वा, काय नारिंगी रंग आहे!

पण ठिपके पडण्याआधी ते संत्रं कुणीतरी कागदावर काढलेलं असतं. आणि कधी कधी चित्र काढणाऱ्या माणसानंच गोष्टही लिहिलेली असते. अशी माणसं फार नसतात. मराठीतल्या अशा एका ताईंची ओळख करून देतो.

माधुरी पुरंदरे यांचा जन्म १९५२ चा, पुण्यातला. वडील म्हणजे शिवचरित्र सांगणारे बाबासाहेब पुरंदरे. आई निर्मलाताई. खेड्यापाड्यांतल्या बालवाड्यांसाठी त्यांनी ‘वनस्थळी’ ही संस्था उभी केली. अशा घरात पुस्तकांना काय तोटा! माधुरीताई मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात चित्रकला शिकल्या, मग थेट फ्रान्सला जाऊन तिथेही शिकून आल्या. परत आल्यावर त्यांनी फ्रेंच शिकवलं, गाणी गायली, नाटकांत कामं केली, फ्रेंचमधलं साहित्य मराठीत आणलं. पिकासो या चित्रकारावर जाडजूड पुस्तक लिहिलं. एवढी सगळी कामं करणाऱ्या माणसाला आपल्याकडे लगेच विचारतात, ‘पण तुम्ही नक्की करता काय?’ मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. गाणाऱ्याला वाक्याचा ताल कळतो. नाटकात काम केलेल्याला माणसं खरोखर कशी बोलतात ते कळतं. दुसऱ्या भाषेतून आणणाऱ्याला एकेक शब्द तोलून बघायची सवय लागते. आणि चित्रकाराला कळतं की यातलं काय लिहायचंच नाही.

शेवटचं वाक्य परत वाचा. काय लिहायचं नाही! लेखकानं न लिहिणं शिकायचं?

एक गोष्ट मी आत्ता बनवतो. पानावर एकच ओळ आहे: ‘आजी बाजारातून आली.’ बस. खाली चित्र. चित्रात आजी दारात उभी आहे, तिच्या पिशवीला खालून भोक पडलंय, रस्त्यावर लांबपर्यंत संत्र्यांची रांग लागली आहे आणि शेवटचं संत्रं एक बकरी हुंगते आहे. आजीला काहीच पत्ता नाही. तुम्हाला मात्र सगळं कळलं! आता ओळ अशी असती तर: ‘आजी बाजारातून आली, तिची पिशवी फाटली होती आणि संत्री सांडली होती.’ मग चित्राला काही कामच उरलं नसतं. तुम्हाला शोधायलाही काही नसतं. लिहिणारा एक आणि काढणारा दुसरा असला, तर दोघांना बसून हे वाटप ठरवावं लागतं. कधी कधी ते भेटतच नाहीत. मग शब्द जे सांगतात तेच चित्रही सांगत बसतं. शाळेच्या पुस्तकांतली कितीतरी चित्रं मला अशी वाटतात, गुपचूप सांगतो. माधुरीताईंच्या बाबतीत दोन्ही कामं एकाच डोक्यात चालतात. शब्दांचं ओझं चित्राकडे, चित्राचं शब्दांकडे, असं त्या पाहिजे तसं हलवू शकतात.

‘राधाचं घर’ ही त्यांची पुस्तकमालिका अगदी छोट्यांसाठी आहे. राधा नावाची चिमुरडी आणि तिच्या घरातली माणसं. यश नावाच्या मुलाची पुस्तकं आहेत, ‘पाहुणी’ आहे, ‘सख्खे शेजारी’ आहे. ‘चित्रवाचन’ नावाच्या पुस्तकात तर चित्रंच वाचायची असतात. यातली बरीच पुस्तकं पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनानं काढली. जरा मोठ्या मुलांसाठी ‘वाचू आनंदे’ आहे. त्यात मराठीतल्या मोठमोठ्या लेखकांचे वेचे आणि त्यांच्या जोडीला चित्रं आणि शिल्पं अशी भरगच्च मेजवानी आहे. या साऱ्या कामासाठी २०१४ साली त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. २०१६ साली ‘बिग लिटल बुक’ पुरस्कार पहिल्यांदा दिला गेला, तोही लेखक म्हणून त्यांनाच.

बरं, चित्र ‘वाचायचं’ म्हणजे काय करायचं? इथे विज्ञान येतं, सावरून बसा.

हात लांब करा आणि अंगठ्याच्या नखाकडे बघा. तेवढीच जागा तुमचा डोळा एका वेळी अगदी स्पष्ट पाहू शकतो! बाकीचं सगळं धूसर असतं. खोटं वाटतंय? या ओळीतल्या एका शब्दावर नजर रोखून ठेवा आणि न हलता चार ओळी खालचा शब्द वाचून दाखवा. नाही ना जमत? मग आपल्याला अख्खं चित्र स्पष्ट कसं दिसतं? डोळा उड्या मारतो. एका सेकंदात तीन-चार उड्या. उडी चालू असताना दिसणारं दृश्य मेंदू दाबून टाकतो, म्हणून आपल्याला धक्के जाणवत नाहीत. मित्राला एखादं चित्र बघायला सांगा आणि तुम्ही त्याच्या बुबुळांकडे बघा. ती सरळ सरकत नाहीत, टुणटुण उडत असतात.

अल्फ्रेड यार्बुस या रशियन शास्त्रज्ञानं या उड्यांचा माग काढला. त्यानं लोकांना एक प्रसिद्ध चित्र दाखवलं. बऱ्याच दिवसांनी एक माणूस अचानक घरी परत येतो आणि घरातले चकित होतात, असं त्यात होतं. आधी नुसतं बघायला सांगितलं. मग विचारलं, या लोकांची वयं किती असतील? डोळे चेहऱ्यांकडे पळाले. मग विचारलं, हे घर श्रीमंत आहे का? डोळे कपड्यांवर, सामानावर फिरू लागले. चित्र तेच, माणूस तोच, पण प्रश्न बदलला की नजरेची वाट बदलली! त्याचं हे काम १९६० च्या दशकात पुस्तकरूपानं आलं.

आता आपल्या आजीच्या पानाकडे या. ‘आजी बाजारातून आली’ ही ओळ तुमचा डोळा आधी आजीकडे पाठवते. तिथून पिशवी, तिथून भोक, तिथून संत्र्यांची रांग, मग बकरी. आधी काय दिसावं, नंतर काय सापडावं, हे चित्रकारानं ठरवून ठेवलेलं असतं. तुम्हाला वाटतं, मी शोधलं!

लिहिणं आणि चित्र काढणं एकाच माणसात असलं की कधी कधी तिसरंही काही निघतं. इंग्लंडमध्ये १८६६ साली जन्मलेल्या बिआट्रिक्स पॉटरबाई बुरशी आणि भूछत्रांच्या नादी लागल्या होत्या. भूछत्र म्हणजे पावसाळ्यात कुजक्या लाकडावर उगवतं ते छत्रीवालं. सूक्ष्मदर्शकाखाली बघून त्यांनी त्यांची शेकडो जलरंगचित्रं काढली. भूछत्रांच्या बारीक बीजाणूंना अंकुर कसा फुटतो यावर निबंध लिहिला. १८९७ साली लंडनच्या लिनिअन सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेत तो वाचला गेला, पण दुसऱ्यानं वाचला. का? बाईमाणसाला तिथे प्रवेशच नव्हता! काय म्हणावं अशा शहाण्यांना.

त्याआधी, १८९३ साली, एका आजारी मुलाला बरं वाटावं म्हणून त्यांनी एक पत्र पाठवलं होतं. पत्रात एका खोडकर सशाची गोष्ट होती आणि बाजूला चित्रं. पुढे तिचं पुस्तक करायचं ठरवलं तर प्रकाशक नको म्हणाले. मग त्यांनी स्वतःच्या पैशानं २५० प्रती छापल्या, १९०१ मध्ये. पुढच्याच वर्षी एका प्रकाशकानं ती रंगीत काढली, आणि पीटर नावाचा तो ससा आजही जगभर उड्या मारतो आहे. मुलांच्या छोट्या हातात मावेल एवढंच पुस्तक हवं, हाही त्यांचाच हट्ट. भूछत्रावरचा प्रत्येक केस बघणाऱ्या त्या डोळ्यांनीच सशाचा कान कसा मुडपतो ते टिपलं होतं.

असं बारकाईनं बघायला शाळेतही शिकता येतं. आणि चित्रकलेला शाळेत मोठी जागा द्यायची ही गोष्ट आपल्या वर्धा जिल्ह्याला नवी नाही बरं का. सेवाग्रामला गांधीजींच्या ‘नई तालीम’ या शिक्षणपद्धतीच्या शाळेत १९४४ पासून १९६२ पर्यंत देवी प्रसाद नावाचे चित्रकलेचे शिक्षक होते. ते शांतिनिकेतनात नंदलाल बसूंकडे शिकून आले होते. सूतकताई आणि शेतीच्या जोडीला तिथे चित्रकलाही होती. मुलांच्या चित्रकलेवर देवी प्रसादांनी पुढे एक पुस्तकही लिहिलं. तुमच्या आजीआजोबांच्या ओळखीत कुणी त्या शाळेत होतं का, जरूर विचारा.

आता पुस्तक बांधू. तुम्ही म्हणाल, गोष्ट तयार, चित्रं तयार, दिलं छापखान्यात! छे. चित्रांचं पुस्तक करणाऱ्याला आधी पानं मोजावी लागतात. छापखान्यात सुटी पानं छापत नाहीत. मोठ्या कागदावर बरीच पानं एकदम छापतात, मग त्याच्या घड्या घालतात आणि कडा कापतात. एक घडी घातली की चार पानं. दोन घड्या, आठ. तीन घड्या, सोळा. म्हणून चित्रांची पुस्तकं बहुधा सोळा, चोवीस, बत्तीस अशा पानांची असतात. तुमची गोष्ट सतरा पानांत संपत असेल तर तुमची पंचाईत! एक पान तरी कमी करा, नाहीतर सात पानं भरेल एवढं नवं काहीतरी शोधा. शिवाय विषम आकड्याचं पान नेहमी उजवीकडे येतं. म्हणजे दचकवायची जागा पान उलटल्यावर यावी असं वाटत असेल, तर ती सम आकड्याच्या पानावर न्यावी लागते. दार तेराव्या पानावर वाजवायचं आणि चौदाव्यावर उघडायचं! लेखक वेगळा आणि चित्रकार वेगळा असला तर या सगळ्यावर चर्चा होतात. दोन्ही कामं करणारा एकच असला तर तो स्वतःशीच भांडतो.

हे हातांनी करून बघा. वहीचा मोठा कोरा कागद घ्या. मधोमध घडी घाला, आडवा करून दुसरी, पुन्हा फिरवून तिसरी. शेवटची घडी डावीकडे धरा, ती झाली पुस्तकाची पाठ. अजून काही कापायचं नाही. कोपरे हळूच उचलून आत डोकवा आणि पहिल्यापासून सोळापर्यंत पानांना आकडे घाला. आता कागद पूर्ण उलगडा. आकडे कुठल्या कुठे गेलेले दिसतील आणि अर्धे तर डोक्यावर उभे! छापणाऱ्याला चित्रं अशीच उलटीसुलटी मांडावी लागतात, तेव्हा कुठे घडी घातल्यावर ती सरळ येतात. गंमत पुढे आहे. पाठीच्या घडीला चिकटून एकमेकांशेजारी आलेले दोन आकडे घ्या आणि बेरीज करा. १ च्या शेजारी १६. ४ च्या शेजारी १३. ८ च्या शेजारी ९. दर वेळी १७! कागद उलटून मागच्या बाजूलाही बघा. असं का होत असेल? आणि दोनच घड्यांचं आठ पानी पुस्तक केलं तर बेरीज किती येईल? ते मी सांगणार नाही. कागद तुमच्या हातात आहे.