मधल्या पिढीचं कार्ड

सिडकोतल्या बहिणीकडे मी चहाला गेलो होतो, उठलो रात्री साडेअकराला. भाच्याने एका ऑफिसातून निघालेला जुना डेस्कटॉप घेतला होता आणि त्यात सेकंडहँड जीटीएक्स 1050 टीआय हे ग्राफिक्स कार्ड बसवलं होतं. हे कार्ड 2016 चं. मेमरी 4 जीबी आणि भूक फक्त 75 वॅटची, म्हणजे वेगळी वायर नको की मोठा एसएमपीएस नको. जुन्या डब्यात जीव फुंकणाऱ्यांचं ते लाडकं कार्ड. उबुंटू हे लिनक्स टाकलं, ड्रायव्हर टाकला, मशीन पुन्हा सुरू केलं आणि पडद्यावर विटेएवढी जाड अक्षरं उमटली. एनव्हिडिया-एसएमआय ही आज्ञा दिली की एकच उत्तर येई : ड्रायव्हरशी बोलणं होत नाही.

“मामा, विंडोजवर तर हेच कार्ड पळत होतं!”

पळत असणारच. ही अडचण समजावताना मला आपली छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की आठवते. चक्की डोळ्यांसमोर फिरते, पण पाणी येतं लांबच्या डोंगरातून, जमिनीखालच्या नळांनी. सतराव्या शतकात मलिक अंबरने बांधवलेली नहर-ए-अंबरी तशीच झाकलेली. वरून दिसायचे ते ठिकठिकाणचे उंच बंबे. ड्रायव्हर म्हणजे ही मधली नहर. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, एका टोकाला आणि कार्ड दुसऱ्या टोकाला. नहरेचा नकाशा कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाने वर्षानुवर्षं कुलपात ठेवला. तयार नहर घ्या, पण ती कुठून जाते ते विचारू नका, असा सगळा मामला.

मग काही जणांनी बंबे पाहून नकाशा काढायला घेतला. 2005-06 च्या सुमारास स्तेफान मार्शेसँ या फ्रेंच तरुणाने ‘नूव्हो’ हा मुक्त ड्रायव्हर सुरू केला. नावाची गोष्ट गमतीची आहे. जुन्या ड्रायव्हरचं नाव ‘एनव्ही’. ते टाइप केलं की मार्शेसँचा चॅटचा प्रोग्रॅम आपणहून ‘नूव्हो’, म्हणजे फ्रेंचमध्ये ‘नवीन’, असा शब्द सुचवी. पद्धत मात्र कमालीची चिवट. कंपनीचा बंद ड्रायव्हर चालू ठेवायचा, तो कार्डाच्या कोणत्या कप्प्यात कोणता आकडा लिहितो ते टिपायचं, चित्रात एकच बदल करून पुन्हा टिपायचं आणि दोन्ही याद्या ताडून पाहायच्या. लोक आपापल्या कार्डांच्या नोंदी पाठवत. 2010 मध्ये नूव्हो कर्नलमध्ये दाखल झाला.

2012 मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात लिनक्सचा जनक लिनस टॉरव्हाल्ड्सने एनव्हिडियाला उद्देशून मधलं बोट दाखवलं, तो प्रसंग सगळेच सांगतात. मला त्यापेक्षा 2014 महत्त्वाचं वाटतं. त्या वर्षी आलेल्या 900 मालिकेपासून कार्डाच्या आतले छोटे प्रोसेसर कंपनीची डिजिटल सही नसलेलं फर्मवेअर नाकारू लागले. कार्ड सुरू होताना मंद गतीत असतं. गती वाढवायची तर हे सहीचं फर्मवेअर हवं, आणि ते नूव्होवाल्यांना मिळालं नाही. नकाशा हाती येऊनही फाटकाला कुलूप. गाडी कायम पहिल्या गिअरमध्ये.

मे 2022 मध्ये एनव्हिडियाने कर्नलमधल्या भागाचा सोर्स कोड खुला केला. टाळ्या पडल्या. पण बारकाईने पाहिलं तर बरंचसं काम तोवर कार्डावरच्या जीएसपी नावाच्या स्वतंत्र प्रोसेसरकडे सरकलं होतं, आणि त्याचं फर्मवेअर बंदच आहे. शिवाय हा जीएसपी 2018 च्या ट्युरिंग पिढीपासूनच्या कार्डांना. म्हणजे 2014 ते 2018 मधली कार्डं दोन्हीकडून सुटली : सहीमुळे नूव्हो लंगडा आणि जीएसपी नाही म्हणून खुला कोडही लागू नाही. भाच्याचं कार्ड नेमकं या खिंडीतलं. विद्यार्थ्याच्या खिशाला परवडतात ती बहुधा याच वयाची कार्डं, हे मला जास्त खुपतं.

पुण्यात सी-डॅकमध्ये परम सिद्धी-एआय हा महासंगणक उभा आहे. एनव्हिडियाच्याच 42 डीजीएक्स ए100 यंत्रांचा, लिनक्सवर चालणारा. नोव्हेंबर 2020 च्या जागतिक यादीत त्याचा 63वा क्रमांक होता. तेव्हा कंपनीला लिनक्स जमत नाही असं कुणी म्हणू नये. एनव्हिडियाच्या प्रतिस्पर्धी एएमडीने 2007 मध्येच माहिती खुली करायचं ठरवलं. त्यांचं कार्ड खोचलं की सहसा चित्र दिसतं. पण भाच्याला शिकायचं होतं मशीन लर्निंग, आणि त्याच्या धड्यांमधला कोड सगळा कूडावर, म्हणजे कार्डाकडून आकडेमोड करवून घेणाऱ्या प्रणालीवर, जी एनव्हिडियाने 2007 मध्ये बाजारात आणली. नहर न आवडून भागत नाही, पाणी तिथूनच येतं.

आमच्या घोळाचं मूळ शेवटी वेगळंच निघालं. त्याच्या मशीनमध्ये सिक्युअर बूट चालू होतं; ते अनोळखी सहीचा ड्रायव्हर कर्नलमध्ये शिरू देत नाही. घरी तयार झालेल्या ड्रायव्हरवर उबुंटू स्वतःच्या किल्लीने सही करतं आणि पुढच्या वेळी मशीन सुरू होताना एक निळा पडदा दाखवून विचारतं : ही किल्ली ओळखीची करू का? त्यासाठी आधी ठरवलेला पासवर्ड लागतो. पोराने व्हायरस समजून तो पडदा घाईघाईने बंद केला होता. आणि नूव्होला तर ड्रायव्हर टाकतानाच बाजूला बसवलेलं. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी.

गंमत बघा, सह्या दोन. एक मशीन मागतं, तिची किल्ली आपल्या घरात बनते. दुसरी कार्ड मागतं, तिची किल्ली कॅलिफोर्नियात.

किल्लीची नोंदणी पुन्हा मागवली, मशीन बंद-चालू केलं, यावेळी निळ्या पडद्यावर नीट पासवर्ड दिला. अक्षरं बारीक झाली. एनव्हिडिया-एसएमआयने चौकटीत कार्डाचं नाव, तापमान, मेमरी, सगळं मांडलं. बहीण दारातून म्हणाली, “मिक्सर आणला की प्लग लावतो आणि चालतो. याला एवढं काय?”

जेवताना भाच्याला एक सांगून ठेवलं : या पिढीच्या कार्डांसाठी ड्रायव्हरची 580 ही शेवटची मालिका. पुढच्या मालिकांमध्ये हे कार्ड नाही.

निघताना पाहिलं, तर कॅबिनेटवर पोराने सेलोटेपने चिठ्ठी चिकटवली होती : ‘580. पुढे जायचं नाही.’