ताणलेला बोल्ट

नट-बोल्ट आवळला की आटे एकमेकांत घट्ट रुतले, असं आपण समजतो. पण जोड टिकतो तो बोल्टच्या ताणामुळे. नट टेकल्यानंतरही पाना फिरवत राहिलं की बोल्ट चक्क लांब होतो. पोलादाला मूळ लांबीवर परतायचं असतं आणि त्या ओढीने मधले भाग एकमेकांवर दाबले जातात. 10 मिलिमीटर जाडीच्या बोल्टच्या माथ्यावर ‘8.8’ ही ताकदीची श्रेणी कोरलेली असेल आणि तो 5 सेंटिमीटर जाडीचा जोड धरत असेल, तर नीट आवळल्यावर तो मिलिमीटरचा जेमतेम दहावा हिस्सा वाढतो. एवढ्याशा वाढीतून सुमारे अडीच टनांचा दाब तयार होतो! मला ही यंत्रशास्त्रातली एक अतिशय सुंदर युक्ती वाटते.

मात्र पान्यावर लावलेल्या जोरापैकी साधारण दहावा भागच बोल्ट ताणायला लागतो. बाकीचा नटाखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात जातो. म्हणून कोरड्या आट्यांसाठी ठरवलेला जोर तेल लावलेल्या आट्यांवर वापरणं धोक्याचं. घर्षण घटतं, ताण भलताच वाढतो आणि बोल्ट तुटूही शकतो. पान्याला पाइप अडकवून त्यावर रेलणाऱ्यांना तर किती ताण बसला, याचा अंदाजच येत नाही.

मग आवळलेले नट सैल का होतात? जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यांनी 1969 मध्ये याचा छडा लावला. उतरणीवरचा जड खोका नुसता आडवा ढकलला, तरी तो थोडा खालीही सरकतो. आटे म्हणजे बोल्टभोवती गुंडाळलेली उतरणच. जोडाचे भाग आडव्या हादऱ्यांनी एकमेकांवर घसरू लागले की नट त्या उतरणीवरून आपोआप मागे फिरतो. युंकर यांच्या पद्धतीच्या चाचणीत आपल्याकडे भरवशाने घातला जाणारा स्प्रिंग वॉशरही फारसा टिकाव धरत नाही. भाग घसरूच नयेत इतका ताण देणं, हाच खरा उपाय.

गाडीचं चाकही याच ताणाने धरलेलं असतं. ते बसवताना समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळायचे, म्हणजे चाक सगळीकडून सारखं बसतं. रिम आणि हबमध्ये गंज किंवा माती राहिली, तर ती पुढे दबते आणि ताण ओसरतो. म्हणून आधी ती खरवडून काढायची आणि 50 ते 100 किलोमीटर गाडी चालल्यावर जोर मोजणाऱ्या टॉर्क पान्याने नट पुन्हा तपासून घ्यायचे.