बाह्य परिव्यय

एखाद्या आर्थिक व्यवहाराचा जो भार तो करणाऱ्यावर न पडता त्रयस्थांना सोसावा लागतो, त्यास बाह्य परिव्यय म्हणतात. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ आर्थर सेसिल पिगू (१८७७–१९५९) यांनी १९२० मध्ये ही तफावत दूर करण्यासाठी कराचा उपाय सुचविला. कारखान्याचा धूर हे याचे नेहमीचे उदाहरण. महाराष्ट्रात मात्र ही संकल्पना उसाच्या मळ्यात अधिक स्पष्ट होते.

शिरोळ तालुक्यातील (जि. कोल्हापूर) कृष्णा-पंचगंगाकाठच्या भारी काळ्या जमिनीत निचरा मुळातच मंद असतो. मीटर नसलेल्या कृषिपंपांची वीज-आकारणी अश्वशक्तीवर होत असल्याने उपसा तासभर वाढला, तरी शेतकऱ्यास जादा खर्च पडत नाही. तूट शासन व अन्य वीजग्राहक भरून काढतात. उसाला दिलेले जादा पाणी मुरून उताराकडे साचते, भूजलपातळी चढते, केशाकर्षणाने क्षार वर येतात आणि बाष्पीभवनानंतर पृष्ठभागावर राहतात. जमीन पांढरी पडते; पीक जाते ते बहुधा खालच्या शेजाऱ्याचे. उसाच्या दरात या हानीची नोंद कोठेच नसते.

येथे पिगूंचा कर अपुरा पडतो, कारण कोणाच्या पाण्याने कोणाचे शेत बिघडले, हे ठरविणे जवळजवळ अशक्य असते. निचऱ्यासाठी भूमिगत सच्छिद्र नळ्या टाकाव्या लागतात; त्यांचे पाणी नेणारी मुख्य वाहिनी इतरांच्या शेतांतून जात असल्याने हे काम एकट्याचे नव्हे. शिरोळच्या श्री दत्त शेतकरी सहकारी साखर कारखान्याने शेतकऱ्यांना एकत्र आणून अशी योजना राबविली आहे. निचऱ्याचे क्षारयुक्त पाणी मात्र अखेर नदीतच जाते, म्हणजे परिव्ययाचा काही अंश प्रवाहाखालील गावांकडे सरकतो.