पक्षी पाहा, पिंजऱ्यात ठेवू नका

थंडी सुरू झाली की अनेक नाशिककर रविवारी निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वरला जातात. गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळील बंधाऱ्यामागे गाळ साचून तेथे उथळ पाणथळ जागा तयार झाली आहे. १९८६ साली तिला अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून तिची घोषणा झाली.

"डॉक्टर, पक्ष्यांपासून ताप येतो म्हणतात. मुलांना न्यावे का?" असे पालक विचारतात. जरूर न्यावे. काठावरून दुर्बिणीने शेकाट्या, तुतवार किंवा टिटवी पाहिल्याने सहसा आजार होत नाही. मात्र मेलेल्या वा आजारी पक्ष्याला हात लावू नये. खरी काळजी घ्यायची ती घरच्या पिंजऱ्याजवळ.

पोपटवर्गीय पक्ष्यांपासून माणसाला 'सिटॅकोसिस' हा आजार होऊ शकतो. पक्षी निरोगी दिसला तरी त्याच्या विष्ठेत या आजाराचे जिवाणू असू शकतात. वाळलेली विष्ठा झाडताना उडणारी धूळ श्वासावाटे फुप्फुसात जाते. साधारण ५ ते १४ दिवसांनी थंडी वाजून ताप, तीव्र डोकेदुखी, अंगदुखी व कोरडा खोकला सुरू होतो. काही रुग्णांना न्यूमोनिया होतो.

हा आजार विरळा आहे. पण साधा फ्लू समजून उपचारास उशीर झाला तर तो जिवावर बेतू शकतो. पेनिसिलीन गटातील औषधांचा त्यावर भरवसा धरता येत नाही. डॉक्सिसायक्लिनचा चांगला उपयोग होतो. म्हणून खोकला-ताप घेऊन दवाखान्यात जाल तेव्हा घरी पक्षी आहे, हे न विचारताही डॉक्टरांना सांगा. औषध मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नका.

आपल्याकडील रानपोपट पिंजऱ्यात ठेवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हाही आहे. असा पोपट घरी असल्यास वन विभागाला कळवावे. लव्हबर्ड्ससारखे परदेशी पक्षी असतील तर पिंजरा कोरडा झाडू नये. तळ आधी ओला करावा, नाका-तोंडावर मास्क बांधावा आणि नंतर हात साबणाने धुवावेत.

सहलीला निघताना पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात :

१. निफाडची पहाट कडाक्याची असते. दमेकरी व हृदयरुग्णांनी कान-छाती झाकून, ऊन आल्यावर फिरावे.

२. मधुमेहींनी उपाशीपोटी निघू नये. खिशात साखर ठेवावी. रक्तदाबाची गोळी चुकवू नये.

३. दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही पाहू नये. दृष्टिपटल कायमचे भाजू शकते.

पोपट पाहायला तर गाव सोडण्याचीही गरज नाही. संध्याकाळी जवळच्या वडा-पिंपळाखाली उभे राहा. थवे आपण होऊन येतील, आणि तेवढेच आपले चालणेही होईल.