घराची खरेदी-विक्री
किंमत देऊन अथवा देण्याचे वचन देऊन राहत्या घराचे वा सदनिकेचे स्वामित्व एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीकडे संक्रमित करण्याचा व्यवहार. भारतात या विषयाचा मूळ कायदा म्हणजे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ होय. त्याच्या ५४ व्या कलमानुसार शंभर रुपये वा त्याहून अधिक किंमतीच्या मूर्त स्थावर मालमत्तेची विक्री केवळ नोंदणीकृत लेखानेच होऊ शकते. १८८२ मध्ये ही मर्यादा किरकोळ व्यवहार वगळण्यासाठी घातलेली होती. ती अद्याप तशीच असल्याने आज एखादी खोलीसुद्धा या नियमातून सुटत नाही. तोंडी वचन, साध्या कागदावरील पावती किंवा घराच्या किल्ल्या हाती पडणे यांनी स्वामित्व मिळत नाही.

या व्यवहारात सर्वाधिक घोटाळा साठेखत व खरेदीखत यांच्यात होतो. साठेखत म्हणजे पुढे विक्री करण्याचा करार. विसाराची रक्कम देऊन तो केला जातो. परंतु त्याच कलमानुसार त्यामुळे मालमत्तेत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही. विक्रेत्याने माघार घेतल्यास खरेदीदारास विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ खाली कराराच्या पूर्ततेसाठी दावा लावता येतो. मात्र करारातील ठरलेल्या तारखेपासून आणि तारीख ठरलेली नसल्यास नकार कळल्यापासून ३ वर्षांत तो लावला पाहिजे. खरेदीदार कराराप्रमाणे ताब्यात असेल व आपल्या वाट्याच्या अटी पाळत असेल, तर ५३-क कलम त्याच्या ताब्यास संरक्षण देते. २००१ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी तो करार नोंदणीकृत असावा लागतो. हे संरक्षण म्हणजे ढाल आहे. तिच्या आधारे मालकी सांगता येत नाही. महाराष्ट्रात ताबा देण्याचे कलम असलेल्या साठेखतावर खरेदीखताइतकेच मुद्रांक शुल्क आकारले जाते व पुढे खरेदीखताच्या वेळी त्याची वजावट मिळते. यामुळे पूर्ण शुल्क भरले म्हणजे घर आपले झाले, असा समज पसरलेला आढळतो. तो चुकीचा आहे. साठेखत, कुलमुखत्यारपत्र व मृत्युपत्र असा संच करून घर ‘विकण्याची’ पद्धतही अशीच फसवी होय. अशा कागदांनी स्वामित्व संक्रमित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले.

नोंदणी अधिनियम, १९०८ प्रमाणे दस्तऐवज निष्पादनापासून ४ महिन्यांत दुय्यम निबंधकापुढे सादर करावा लागतो. विलंब अपरिहार्य असल्यास दंड भरून आणखी ४ महिने मिळू शकतात. नोंदणी झाल्यावर दस्त निष्पादनाच्या तारखेपासून अंमलात येतो. तथापि नोंदणीने विक्रेत्याच्या हक्काची हमी मिळत नाही, हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. ज्याच्याकडे मुळात मालकीच नाही त्याने केलेला दस्त नोंदला गेला, तरी त्यातून खरेदीदाराला काहीही मिळत नाही.

म्हणूनच खरेदीपूर्वी हक्कशोध घ्यावा लागतो. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातील सूची क्रमांक २ व जुने दस्त तपासून साधारणतः ३० वर्षांची मालकीची साखळी पाहण्याचा वकिलांचा प्रघात आहे. सातबारा उतारा, फेरफार नोंद, शहरातील मिळकत पत्रिका किंवा घरपट्टीची पावती ही कागदपत्रे उपयुक्त असली, तरी त्यांवरून मालकी सिद्ध होत नाही. सातबारा हा मुख्यतः महसुलासाठी ठेवलेला अभिलेख आहे. मूळ हक्कलेख विक्रेत्याजवळ नसतील, तर ते कर्जासाठी बँकेकडे ठेवलेले असण्याचा संभव असतो. अशा वेळी गहाणाचा बोजा घराबरोबर खरेदीदाराकडे येऊ शकतो.

वडिलोपार्जित घराच्या बाबतीत प्रश्न अधिक गुंतागुंतीचे होतात. एकत्र हिंदू कुटुंबाचा कर्ता कायदेशीर गरजेसाठी घर विकू शकतो. परंतु ती गरज होती की नाही, यावरून पुढे वर्षानुवर्षे दावे चालतात. २००५ च्या दुरुस्तीने मुलींना जन्मतः सहदायाद मानले आहे. त्यासाठी त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, असा निर्णय २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात झाला. तेव्हा बहिणींच्या सह्या ‘उपचार म्हणून’ घेण्याची वा टाळण्याची जुनी रीत धोक्याची ठरते. अज्ञान हिंदू मुलाच्या वाट्याची स्थावर मिळकत विकण्यास नैसर्गिक पालकाला न्यायालयाची पूर्वपरवानगी लागते. एका सहमालकाने राहत्या कौटुंबिक घरातील आपला हिस्सा परक्यास विकला, तरी त्या परक्याला कुटुंबासमवेत संयुक्त ताब्याचा अधिकार मिळत नाही (कलम ४४). गोव्यात वैवाहिक मालमत्ता सामान्यतः समाईक असल्याने पती व पत्नी या दोघांची संमती आवश्यक असते.

विक्रेत्याची कर्तव्ये ५५ व्या कलमात दिलेली आहेत. साध्या काळजीने लक्षात न येणारा मालमत्तेतील वा हक्कातील महत्त्वाचा दोष त्याने सांगितलाच पाहिजे. खरेदीखत होऊनही किंमत पूर्ण मिळाली नाही, तर उरलेल्या रकमेपुरता त्याचा घरावर बोजा राहतो. मात्र केवळ त्या कारणाने खरेदीखत रद्द ठरत नाही. विक्रेत्यांना हा नियम बहुधा उशिरा कळतो.

बांधकामाधीन सदनिकांसाठी स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ लागू आहे. त्यानुसार नोंदणीकृत करारापूर्वी विकासकाला किंमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही आणि ताबा वेळेवर न दिल्यास खरेदीदार व्याजासह पैसे परत मागू शकतो. ताब्यानंतर ५ वर्षांत निदर्शनास आणलेले संरचनात्मक दोष विकासकाने ३० दिवसांत विनामोबदला दुरुस्त करावयाचे असतात.

सहकारी गृहनिर्माण संस्थेतील सदनिकेबरोबर भाग दाखलाही हस्तांतरित होतो. सभासदाच्या मृत्यूनंतर नामनिर्देशित व्यक्ती स्वतःच मालक होते, हा समज रूढ आहे. वस्तुतः ती वारसांच्या वतीने सदनिका सांभाळते. तिने एकटीने केलेली विक्री वारसांना आव्हानित करता येते. इमारतीखालील जमिनीचा प्रश्न निराळाच. महाराष्ट्रात अनेक संस्थांच्या जमिनी कित्येक वर्षे विकासकाच्या वा मूळ मालकाच्या नावावर राहिल्या व पुनर्बांधणीच्या वेळी रहिवासी अडचणीत आले. त्यावर उपाय म्हणून १९६३ च्या महाराष्ट्र सदनिका स्वामित्व अधिनियमात २००८ च्या सुधारणेने मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद करण्यात आली. विकासकाने टाळाटाळ केल्यास संस्था सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकाकडे, अर्ज करून त्याच्या सहीविना जमीन आपल्या नावे करून घेऊ शकते.